पायाचे पैसे

एवढ्याशा हरभऱ्यावरून झालं.
म्हैस आमची, वावर त्यांचं,
काठी थावराची,
आणि मोडला तो पाय माझ्या मामाचा.

दोन तांड्यांच्या मधल्या मोहाखाली नसाब बसली.
इकडे आम्ही भुकिया, तिकडे ते पमार,
मधे एक कळशी, दोन पेले.
त्यांचा पेला आमच्याकडे आला नाही,
आमचा तिकडे गेला नाही.
हाड दोन जागी मोडलं म्हणून दोन दिवस चाललं,
असं कुणीतरी म्हणालं. हसलं कुणी नाही.
ठरले सहासष्ट हजार.

थावरानं एकट्यानं भरायचा प्रश्नच नव्हता.
रूपलाची बावीस घरं,
घरटी तीन हजार.
नायक म्हणाला, खेमसिंग, तू कंडक्टर आहेस,
तुझ्या बोटांना सवय आहे. वसुली तू कर.

मी खेमसिंग भिकलाचा, भिकला सोमलाचा,
सोमला हामूचा, हामू लच्छियाचा,
लच्छिया रूपलाचा,
ज्याचे मिठाचे बैल इथल्या नाल्यात बसले ते उठलेच नाहीत.
ढाडीनं गायलं ते इतकं पाठ आहे.
थावराकडून मोजत गेलं तरी
पाचव्या नावाला तोच रूपला.
चार बोटं धुऱ्यापायी
दोन वर्षं मी थावराशी बोललो नव्हतो.
त्याच्या दारात उभा राहिलो. त्यानं पैसे दिले,
मी चहा घेतला नाही.

गोमलीकाकूनं दहा-दहाच्या नोटा दिल्या, हळदीच्या वासाच्या.
गोकुळनं पुण्याहून फोनवर पाठवले, दोन हप्त्यांत.
फुलसिंगचा पोरगा पोलिसात,
तो म्हणाला, असलं आता चालत नाही भाऊ,
कायदा आहे, कोर्ट आहे.
रात्री साडेअकराला त्याचेही आले.

बाविसावं घर आमचं.
याडीनं ज्वारीच्या कोठीतून पुरचुंडी काढली
आणि न मोजता माझ्यासमोर ठेवली.
तिच्याच भावाच्या पायाचे पैसे.
उद्या तू कोणाकडून बसशील, मी विचारलं.
ती म्हणाली, बायांना कुठं बसवतात?
आणि ढाडी गातो त्यात
मी कोणत्या नावाच्या मागं असते, सांग बरं.

मग फडक्यात बांधलेला हाडजोडीचा वेल दिला,
सहा गावरान अंडी दिली.
हे मोहाखाली देऊ नको. हे मागच्या दारानं.

पमारांच्या कारभाऱ्यानं नोटा तीनदा मोजल्या.
त्यांच्यातही घरं आहेत, हिस्से आहेत.
मामाच्या हाती शेवटी किती पडले
मी विचारलं नाही.
सग्याला असं विचारत नसतात.
पेले मात्र त्या दिवशी अदलाबदल झाले,
कळशी रिकामी होईपर्यंत.

चैत्रात, दिग्रस–आर्णी गाडी,
फाट्यावर कुबडी आधी चढली, मग मामा.
मी पाया पडायला वाकलो, तर म्हणे
राहू दे, एकच उरलाय.
पुढच्या सीटवर थावरा बसलेला,
त्यानं खिडकीबाहेर बघायचं सोडलं नाही,
पण सरकला.
मामा टेकला. कुबडी दोघांच्या मधे.

भाच्या, अर्धं तिकीट फाड.
साठीच झाली ना मामा, अर्धं कसं देऊ?
वयाचं नाही रे, पायाचं म्हणतो.
दुसऱ्याचे भुकियांनी भरलेत ना?

पूर्ण तिकिटाचे पैसे
थावरानं मागं न बघता दिले.