शून्याच्या जागी

बामणोलीच्या धक्क्यावरून सकाळची लाँच,
पुढं दीड तासाचा चढ.
उपकेंद्रात दोन खाटा, एक लशींचा फ्रिज,
आणि मागच्या खोलीत, आंबूस वासात,
खांद्याला खांदा लावून दोन बॅटऱ्या.

बबीबाई सपकाळ म्हणाली,
"रोज दिवेलागणीला मरतंय बघा.
दिसभर धडधाकट."
सरपंचांच्या मते धुकं.
माझ्या आधी आलेल्या पोरानं
दोन पॅनेल बदलली, सही घेतली, उतरून गेला.

घड्याळ काढलं. अंगठी काढली,
ती साबणाशिवाय निघत नाही.
पान्यावरची काळी टेप नव्यानं गुंडाळली.
मेढ्यात एकदा पाना आडवा पडला होता,
तेव्हापासून डावी भुवई अर्धीच उगवते.

मीटर लावला. पंचवीस पॉइंट चार.
इकडं पंचवीस चार, तिकडं पंचवीस चार.
काही न मागता नुसतं विचारलं
की सगळेच बरे असतात.

म्हणून मागितलं.
"बाई, सगळं लावा. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर,
खोलीतला तुमचा मिक्सरसुद्धा."
"मिक्सरात काय घालू?"
"घाला काहीही. शेंगदाणे घाला."

पलीकडं कूट होत होतं, आणि इथं
बॅटरीपाशी चोवीस आठ,
इन्व्हर्टरपाशी एकवीस सहा.
चार हात वायरीत
तीन व्होल्ट कुठल्या थांब्यावर उतरले?

एक सळई बॅटरीच्या खुंटावर,
दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या लगवर.
धातूला टेकलेला धातू,
मधे नखसुद्धा शिरत नाही.
इथं शून्य यायला हवं.

तीन.

बोट लावलं, चटका बसला.
टेप सोलली तर आत मोरचुदी हिरवं,
तारेच्या शेकडा केसांतले
पाच-सहाच धरून होते.
दिवसा तेवढे पुरायचे.

मग इन्व्हर्टर बंद केला, सोड्याचं पाणी ओतलं,
फेस बसेपर्यंत थांबलो.
वायर चार बोटं मागं कापली, नवा लग दाबला,
वर व्हॅसलीन.
समोरच्या डोंगरावरून धरणाची वीज
मोठ्या तारांतून दूर कुठं जाते,
ओल्या हवेत गुणगुणते.
बबीबाई तिकडं बघतही नाही.

शेवटची लाँच चुकलीच.
रात्री कसलीशी घरघर सुरू झाली तशी
ती दचकून बाहेर आली,
"आता हे काय?"
"फ्रिज."
अंधारात तो बोलतो हे विसरलीच होती.

अहवालात रकाना असतो, दोष.
लिहिलं, लूज कनेक्शन.
खर्च, लग एक, बावीस रुपये.
वेळ, दोन दिवस.
साताऱ्याचे साहेब इथंच पेन थांबवतील.
थांबवू देत.
कूट तिनं डब्यात बांधून दिलंय,
मीठ जरा जास्त आहे.