चुकलेली जागा

हातमोजे काढ आधी.
ही तबकडी मी उघड्या हातांनी दाबली आहे
वाफेच्या यंत्रात, अठ्ठेचाळीसच्या फेब्रुवारीत.
नखं काळी, मनगटभर चटके.
तिला तुझ्या बोटांचं कसलं भय?

लेबल वाच. माझे डोळे गेले.
गाणाऱ्याचं नाव ठळक,
खाली बारीक अक्षरात ‘आणि वाद्यवृंद’.
त्या बारीक अक्षरांत सात माणसं दाटीवाटीने राहतात.
त्यातला एक डॉर्सी रेनवॉटर,
माझ्या छताच्या वर राहायचा.

सॅक्सोफोनच्या तोंडात लोकरी मोजे कोंबून
रात्री दोनला रियाज करायचा,
घरमालकीण उठू नये म्हणून.
मी पडल्या पडल्या ऐकायचे:
गोधडीखाली कुणी हसावं
तसा दबलेला, बोबडा सूर.

जहाजांच्या कारखान्यातून आम्हा बायकांना
युद्ध संपलं त्याच आठवड्यात घरी धाडलं.
मग मी इथे, लॉस एंजेलिसच्या दक्षिण टोकाला,
लाखेच्या तव्यापुढे उभी.
फोरमन सांगायचा, लाख हिंदुस्थानातून येते,
झाडाच्या फांदीवर किडे घाम गाळतात म्हणे.
मी म्हणायचे, घ्या,
लेबलावर नाव नसलेले आणखी कामकरी.

एकतीस डिसेंबर.
मध्यरात्रीपासून युनियनची बंदी, रेकॉर्डिंग बंद.
कंपन्यांनी महिनाभर बँडमागून बँड आत कोंबले,
पूर यायच्या आधी धान्य माळ्यावर चढवावं तसे.
डॉर्सीची पाळी साडेदहाला.
तीन गाणी झाली. चौथं सुरू झालं तेव्हा अकरा चाळीस.
पियानोचा डावा हात उधळला,
ड्रमचा ठोका दुसऱ्यावर आणि चौथ्यावर,
पोलिसाने दार ठोकावं तसा.
डॉर्सी उठला, बाराचं एक आवर्तन देखणं वाजवलं,
आणि दुसऱ्याच्या तोंडाशी
रीड चिरली.
शेपटीवर पाय पडलेलं मांजर, अगदी तसं.

लपवायला वेळ नव्हता.
त्या किंचाळीवरच पाय रोवून
त्याने पुढचं आवर्तन पुरं केलं.
‘पुन्हा घेऊ या,’ म्हणाला.
काचेपलीकडच्या माणसाने घड्याळाकडे बोट केलं.
एक्केचाळीस डॉलर पंचवीस सेंट. सही इथे.

शंभरातली एक आम्ही ऐकून बघायचो.
मी ऐकली आणि यंत्र थांबवलं.
म्हटलं, हिच्यात खोट आहे.
‘खोट माणसात आहे, मालात नाही. पास कर.’
केली.
दिवसाला सहाशे किंचाळ्या.

मे महिन्यापर्यंत सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या
ज्यूकबॉक्सांत ती घासून करडी पडली.
नाचणारे त्या जागेची वाट बघत
आणि ती आली की सगळे मिळून किंचाळत.
पोरांनी ब्लेडने रीड चिरून ती शिकून घेतली.
डॉर्सी स्टेजवर चढला की आरोळी: ती जागा घे!
आणि त्याला ती येईना.
ओठ फुटले, दात दुखले,
जे निघे ते सुरात निघे.

‘ओझेला,’ एकदा जिन्यात म्हणाला,
‘अख्खा जन्म सुरात राहण्यात घालवला, आणि…’
वाक्य तसंच टाकून मोजे शोधायला गेला.
पुढे ओकलंडला गेला म्हणतात.
बेकरीत, की मासळीच्या डबेवाल्याकडे. नक्की नाही.

अजून एक सांगते, मग लाव.
तडकलेला माल आम्ही फेकत नव्हतो.
दळायचो, नव्या लाखेत कालवायचो.
म्हणजे त्या वर्षी आमच्या दारातून निघालेल्या
नाताळच्या गाण्यांत, पाद्र्यांच्या प्रवचनांत,
घरबसल्या स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईच्या धड्यांत
चिमूट चिमूट डॉर्सी आहे.
लोक त्याला खरखर म्हणतात.

हं, ठेव सुई. हळू.
आवाज वाढव, आणखी.
वर आता कुणी राहत नाही.