रकाना सातवा

फॉर्म एका पानाचा होता.
नाव, पद, रक्तगट, घरात वयस्कर कोण,
आणि सातव्या रकान्यात:
मधुमेह, रक्तदाब, दमा. असल्यास खूण करा.
मी निळ्या पेनाने लिहिलं, नाही.
अक्षर छान आलं. खोटं लिहिताना माझं अक्षर नेहमीच छान येतं.

खरं लिहिलं असतं तर मेट्रन कुरियननी
मला स्टोअरला बसवलं असतं हातमोजे मोजत,
आणि वाशीच्या त्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये,
जिथे मागच्या दिवाळीत सोफासेट विकायला होते,
दीडशे खाटांना रात्री चौघीच उरल्या असत्या.
हे झालं लोकांना सांगायचं कारण.
स्टोअरवाल्यांना भत्ता नव्हता.

माझा दमा तुर्भ्याचा.
बाबा खाणीत क्रशरवर. घरी यायचे ते
भुवयांसकट पांढरे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे.
आई म्हणायची, दम धर.
मी भांडले की म्हणायची. बाबांचा पगार लांबला की म्हणायची.
आणि रात्री दोनला, एमआयडीसीने गुपचूप धूर सोडला
की पाठीवर हात फिरवत म्हणायची.
ओठांचा चंबू कर. चहावर घालतेस तशी फुंकर घाल.
हळू. अजून हळू.
बशीतला चहा हलता कामा नये.

किट चढवलं की सहा तास
पाणी नाही, लघवी नाही, पंप नाही.
पंप लॉकरमध्ये, डब्याच्या शेजारी.
आत जाताना मी त्याला हात लावायचे
आणि हात कपाळाला न्यायचे,
आजूबाजूला कुणी नाही बघून.

झालं मात्र उलटंच.
कारखाने बंद, क्रशर बंद,
पाम बीच रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपलेली.
आणि माझ्या छातीतलं मांजर, पस्तीस वर्षांचं,
एप्रिलातल्या एका पहाटे गुरगुरायचं थांबलं.
ड्युटीच्या बसमधून उतरले आणि श्वास
नुसता आत गेला.
पार तळापर्यंत, कुठेही न अडखळता.
मला लाज वाटली.
आत दीडशे माणसं ज्याच्यासाठी पालथी झोपली होती
ते मी फुटपाथवर उभी राहून फुकट घेत होते.

दमेकऱ्यांना धोका जास्त का हो, मी डॉक्टर घैसासांना विचारलं,
एका मैत्रिणीचं नाव पुढे करून.
ते म्हणाले, नक्की कुणालाच ठाऊक नाही अजून.
मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं,
आणि म्हणाले, मैत्रिणीला सांगा, पंप चुकवू नका.

लागण झाली हेमांगी तांडेलला.
दिवाळे गावची, खाडीत पोहून वाढलेली,
जिन्याच्या दोन दोन पायऱ्या एकदम चढणारी,
सातव्या रकान्यात खरोखरच काही नसलेली.
खाट एकशे बारा.
ऑक्सिजन ऐंशीवर आला तेव्हा तिनं माझी बाही धरली,
आणि मी, जिला बाहेरून फक्त पाठीवरच्या मार्करच्या नावाने ओळखता येत होतं,
धुकट काचेमागून आईच्या आवाजात ओरडले,
बशीतला चहा हलता कामा नये!
तिला काय कळलं देव जाणे.
पण तिनं चंबू केला.

आता धूर पुन्हा रात्री दोनला सुटतो.
मांजर परत आलंय, जागेवर बसलंय.
पादचारी पुलावर हेमांगी अठराव्या पायरीला थांबते,
मी विसाव्या. दोन पायऱ्या मी पुढे,
आयुष्यात पहिल्यांदा.

काल तिथेच तिनं पर्समधून नवा कोरा पंप काढला.
म्हणाली, बाई, तुला माहितीये हे सगळं, तू लपवायचीस तरी.
आधी हलवायचा की आधी श्वास सोडायचा?

आधी हलव, मी म्हटलं.
मग सगळा सोडून दे, असेल नसेल तो.
मग ओढ.
आता दम धर.

खालून आमची बस गेली.
आम्ही दोघी दहापर्यंत मोजत होतो.