सत्तावीस जोड्या कान

माझ्या काउंटरमागे सत्तावीस जोड्या कान टांगलेत.
ओळखपत्र ठेवा, कान घ्या.
जाताना कान ठेवा, ओळखपत्र घ्या.
मधे मी आतली गादी स्पिरिटने पुसते.
उम्म अल क्वैनच्या उन्हात
दुसऱ्याचा घाम कानाला लावायला
कुणालाच आवडत नाही.

आधी फोमची बोंडं. बोटांत मळायची,
शेवई वळतात तशी,
डोक्यावरून हात नेऊन कान वर ओढायचा, आत सारायचं,
आणि तीस मोजेपर्यंत बोट काढायचं नाही.
लोक सात मोजतात.
वरून मफ. त्याखाली चष्म्याची काडी आली, फट राहिली.
केस आले, ओढणीची घडी आली, फट राहिली.
आवाज फटीतून येतो तो चोरासारखा नाही,
घरच्यासारखा,
चपला काढून.

पुढचं इद्रीस सांगतो. सुदानचा आहे, बोलतो हळू.
नळीचं तोंड कायम टेकडीकडे.
बोट घोड्याच्या बाहेर.
बंदूक अडली तर मला दाखवायला वळू नका,
तशीच धरा, मोकळा हात वर करा, मी येतो.
शेजारी नेम धरत असेल तर बोलू नये,
‘वा!’ सुद्धा नाही.
आणि तापलेलं टरफल कॉलरमधे पडलं तर नाचू नये.
हे तो हसत सांगतो. एक साहेब नाचले होते,
भरल्या पिस्तुलासकट.
तेव्हा तो हसत नव्हता. आम्ही सगळे फरशीवर होतो.

माझे बाबा हर्णैचे, तेवीस वर्षं जहाजावर ऑइलमन.
इंजिनरूममधे त्यांना कान कुणी दिले नाहीत.
हात पुसायची चिंधी फाडून कोंबायचे,
तीही बाकीचे हसत नसले तर.
दर रजेला घरी थोडे कमी यायचे.
आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिटी.
मग सफूरा, माझी धाकटी, कारण तिचा आवाज बारीक.
आई ओरडून दमली आणि हातांनी बोलू लागली:
दोन बोटं हनुवटीला, चहा.
तळहात सपाट छातीवर, थांबा.
मूठ कपाळाला, पुन्हा तेच विचारताय.

गेल्या शुक्रवारी एक मुलगा आला, विशीचा, काकाबरोबर.
काका म्हणाला, याला मफ नको, हा जन्माचा बहिरा.
मुलाने हसून कान माझ्याकडे परत सरकवले.
इद्रीसने माझ्याकडे पाहिलं.
नियम आहे, पण मला नियम आठवला नाही,
बाबा आठवले.
सगळे म्हणतात त्यांना काही येत नाही,
पण बंदरात लाँचचा भोंगा वाजला की अंथरुणात उठून बसतात.
तो एक जाड आवाज घासला गेला नाही अजून.
मी खुणेने विचारलं, काहीच नाही येत?
त्याने विचार केला. मग छातीवर हात ठेवून थरथरवला,
आणि खिडकीबाहेरचा जनरेटर दाखवला.
‘मग तेवढा तरी ठेव की रे,’ म्हटलं, मराठीतच,
आणि केस मागे सारून मफ त्याला घातले.
इद्रीसला आमच्या घरचं ‘थांबा’ शिकवलं.

साडेपाचला कुणाची तरी टोपी उडाली
आणि तो माणूस रेषा ओलांडून तिच्यामागे गेला.
इद्रीस ओरडला, तळहात छातीवर आपटला.
पहिली बंदूक खाली ठेवली त्या मुलाने.
ऐकणारे अजून एकेक मफ उचलून
‘काय? काय?’ करत होते.

रात्री फोनवर बाबांना सगळं सांगितलं, हातांनी.
त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. मग विचारलं,
‘रुकय्या, तू तिथे काम काय करतेस म्हणालीस?’
मूठ कपाळाला.
तेवढ्यात बंदरात भोंगा झाला,
मला फोनमधून बारीकसा आला.
बाबांनी स्क्रीन सोडून
खिडकीकडे मान वळवली.