खांद्यावरचा हात

भाचा म्हणतो, वीसच निवड.
त्याहून जास्त कोणी बघत नाही, मावशी,
लोकांचा अंगठा पुढे पळतो.

वीस.
चियातुरात मी एकतीस वर्षं
‘हनुवटी जरा खाली’ एवढंच म्हणत आले.
पासपोर्ट, शाळेचा दाखला, खाणीचं ओळखपत्र.
पाळी संपवून, तोंड धुऊन आलेली माणसं,
तरी पापण्यांच्या मुळाशी मँगनीज
काजळासारखं राहिलेलंच.
इटलीत परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला निघालेल्या बायका,
ज्यांना मी हसू नका म्हणाले
आणि ज्या तशाही हसत नव्हत्या.

बेसोने लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडलाय,
अक्रोडाची टरफलं कोपराने सारून.
पांढरं पान. वर माझं नाव, लामझिरा.
खाली राखाडी चौकोन, रिकामे,
दंतवैद्याकडे बसल्यासारखे ओळीने.
‘तुझी खासियत काय लिहू?’ तो विचारतो.
लिही, म्हटलं, उधारी फार.

खोकी काढली. बुटांची, मिठाईची, एक इंजेक्शनांचं.
निगेटिव्ह दिव्यापुढे धरली
की पोरीबाळींचे केस क्षणात पांढरे.
काहींचे तर आता खरोखरच झालेत,
निगेटिव्हला आधीच माहीत होतं.

तिसऱ्या खोक्यात गुराम सापडला,
त्सिउरीचा गुराम,
दरीवरच्या केबलकारचं दार लावणारा.
हा चेहरा गावात सगळ्यांनी पाहिलाय.
आमच्याकडे थडग्याच्या दगडावर माणूस कोरतात,
टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, हजारो,
आणि चेहरा आणायचा कुठून, तर माझ्याकडून.
टेकडी चढून जा. पाइनपासून कुंपणापर्यंत
निम्मं प्रदर्शन माझं आहे.
नाव कुठेच नाही. तक्रारही नाही,
दगडावर माझं नाव यायची घाई कोणाला?

पण कोरणारा फक्त माणूस उचलतो.
भिंत टाकतो, हातातला ग्लास टाकतो,
सदऱ्यावर कोट चढवतो मेल्यावर.
गुरामच्या डाव्या खांद्यावर एक हात होता.
चार बोटं, अंगठ्याला चिंधी.
दगडावर तिथे नुसतं गुळगुळीत काळं.

‘हा कोणाचा?’ बेसोचा बाण हातावर घुटमळतो,
‘कापू का? नजर उगाच तिकडे जाते.’

विचारलेलं बरं, म्हणून त्सिउरीला फोन लावला.
फोटोचं सांगितलं, हाताचं सांगितलं.
बराच वेळ नळ वाहिला तिच्याकडे, भांड्यांचा आवाज.
मग म्हणाली, माझाच तो.
भोपळा चिरताना कापला होता अंगठा.
मी म्हटलं, मला नको घेऊस, चिंधी दिसेल,
आणि तू म्हणालीस, बरं, मग बाजूला हो.
झाले मी बाजूला.
हात विसरले.

नळ बंद झाला.
‘लाव. पण कापायचा नाही आता.
दगडवाल्याने एकदा कापलाय.’

त्या रात्री सगळी खोकी पुन्हा उघडली.
आता मला चेहरे दिसेचनात.
चादरीखाली लपून बाळाची मान सावरणारी आईची बोटं.
वराच्या कॉलरवरचा कोणाचा तरी नखाचा कोपरा.
शाळेच्या फोटोत शेवटच्या पोराची बाही
ओढणारं कोणीतरी,
जे चौकटीत कधी आलंच नाही.
एकतीस वर्षं मी हेच कापून
गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत होते,
साडेतीन बाय साडेचार.

सतरा निघाले.
बेसो म्हणतो, तीन भर कुठलेही, सूर्यास्त वगैरे.
म्हटलं, असू देत तीन मोकळे.

दरीत इंटरनेट रात्री रांगतं.
पान वरून खाली उघडत जातं, पट्टी पट्टीने:
आधी भिंतीचा पोपडा, मग केस, कपाळ,
मग गुरामचे डोळे.
मग काहीच नाही.

‘अडकलं,’ बेसो म्हणतो.
थांब रे, म्हटलं,
येतोय.