लांबी किती

हिद्दच्या गोदीत मी क्रेनचे दोर तपासतो.
सहा पेडांचा पोलादी दोर, मधे गाभा.
एका पिळात किती तंतू तुटले ते मोजायचं,
चिंधी धरून हात फिरवायचा,
चिंधी अडकली की दोर बाद.
लाल खडूची फुली. खाली सही.

एवढं कळत असून
मनामाच्या बाजारात, म्हाताऱ्या सलमीनच्या दुकानी,
ऊद टांगलेल्या भिंतीखाली
अर्धा तास मी चार तारांपुढे गप्प उभा.

बास गिटार रोदेलियोची. हॉटेलात वाजवायचा.
व्हिसा संपला तसा पंचवीस दिनारांत देऊन गेला,
खांद्याच्या पट्ट्यासकट.
तारा तेव्हाच गंजलेल्या. इथली हवा
सगळ्यांनाच मीठ चाटवते,
कुलपाला, चष्म्याच्या काडीला.

सलमीन विचारतो, गोल की सपाट?
म्हणजे तारेवरचं वेटोळं.
गोल असेल तर खणखणीत,
पण बोट सरकलं की चिरकते.
सपाट गुळगुळीत,
तोंडातल्या तोंडात बोलते, महागही.
मला परकार आठवला.
रात्रपाळी करून
माझ्या वरच्या खाटेवर दिवसा झोपणारा, खेडचा.
सपाट द्या, म्हणालो.

निकेल की पोलाद?
सवयीने पोलाद म्हणणार होतो.
पण पोलाद दिवसभर असतंच की हाताशी.

जाडी? मधली. पंचेचाळीस ते एकशे पाच.
बारीक तार बोटाला सोपी, खर्जात मात्र लटपटते.

मग तो म्हणाला, लंबाई कितना?

बारा वर्षं मी पोरांवर ओरडतोय,
आधी मोजा, मग मागवा!
खिशात टेप होता.
गिटार कॅम्पात.
मी हवेत हात पसरले: एवढी असेल.
सलमीन हसला नाही.
समोरच्या ऊदाची खुंटी पिळत म्हणाला,
जाके नाप लो. दुकान दस तक खुला.

दोन बस जाताना, दोन येताना.
पट्टीपासून घोडीपर्यंत चौतीस इंच.
साडेनऊला पुन्हा त्याच्या दारात,
घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

तार कापण्याआधी काटकोनात वाकवायची,
नाहीतर वेटोळं सुटतं.
हे मला कुणी शिकवायला नको,
दोर तोडताना आम्हीही आधी
दोन्हीकडून बांधून घेतो.

जुन्या जाड तारेवरून चिंधी फिरवली.
अडकली.
तीन ठिकाणी, जिथे रोदेलियोचं बोट
रोज रात्री थांबत असणार.
बाद.
फुली मारायला खडू नव्हता.
गुंडाळी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

शुक्रवारी दुपारी अॅम्प न लावता वाजवली,
गिटारचं बूड खाटेच्या लोखंडी पायाला टेकवून,
हलक्या हाताने,
चारच स्वर, फिरून फिरून तेच.

संध्याकाळी परकार उतरला, चहा ओतून घेतला.
जागं केलं का रे, विचारलं.
म्हणाला, आवाज नाय आला.
खाट मात्र घुमत होती,
बापाच्या लाँचीत झोपायचो तशी.
उद्या पण वाजव.

नवी तार पहिले काही दिवस सैलावत जाते.
जाडीचा स्वर उतरलाय पुन्हा.
तुटेपर्यंत ताणायचं नाही, हे ठाऊक आहे.
पाव वेढा देतो.
कान लावतो.
अजून थोडा.