अचानक की हळूहळू

दुलुथच्या चढावर हे दोन मजले मी विकत घेतले
तेव्हा सगळे म्हणाले, एइनो, आता बसून खा.
एकोणतीस वर्षं गोदीत, जहाजांच्या पोटात
लोखंडाची लाल माती ओतली, त्या पैशाचं हे घर.
बसून खाणं कसलं.
तेव्हापासून घरच मला थोडं थोडं खातंय.

एका भाडेकरूने भिंतीला मुठीएवढं भोक पाडलं
आणि त्यावर कॅलेंडर टांगलं, मागच्या वर्षाचं.
एकाने जाताना दारांच्या मुठी काढून नेल्या,
न्हाणीघराचीसुद्धा.
मला त्याचं काही वाटलं नाही. अनामत होती, कापून घेतली.
बर्फाकडून कसली अनामत घेणार?

आढ्याचं पाणी वळचणीला, ही जगाची रीत.
इथे जानेवारीत ती मोडते.
पोटमाळ्यातून घराची ऊब वर झिरपते,
छपरावरचा बर्फ खालून वितळतो,
पाणी वळचणीशी येतं, गोठतं, बांध घालतं,
आणि मागून आलेलं पाणी
माघारी फिरून घरात शिरतं.
आवाज न करता. पाहुण्याने चपला हातात घेऊन यावं तसं.

वरच्या मजल्यावर रोझलिन बेलांजर राहायची.
इस्पितळात रात्रपाळी, दिवसा पडदे ओढलेले.
मार्चमध्ये गेली. किल्ल्या पाकिटात, फरशी पुसलेली,
ओव्हनसुद्धा घासलेला.
मी स्वयंपाकघरात उभा राहून वर पाहिलं.

छतावर चहाच्या रंगाचा डाग,
आणि त्याच्या कडेकडेने पेन्सिलची रेघ.
मग तिच्या बाहेर दुसरी. तिसरी. चौथी.
समुद्राच्या नकाशात खोली दाखवतात तशा.
आणि प्रत्येक रेघेपाशी बारीक, नर्सच्या अक्षरात:
अकरा डिसेंबर, फोन केला.
दोन जानेवारी, फोन केला.
एकोणीस जानेवारी, म्हणाला बघतो.
शेवटच्या रेघेला नुसती तारीख.

म्हणालो होतो मी, बघतो.
हे काय, बघतोय.

विमा कंपनीचा डेल हॅगस्ट्रॉम सेंट पॉलहून बोलला,
पोरगेला आवाज, सर्दी झालेली.
एकच प्रश्न आहे, म्हणाला. अचानक की हळूहळू?
अचानक असेल तर छत, इन्सुलेशन, भिंत, सगळं भरून मिळतं.
हळूहळू असेल तर ती देखभाल,
आणि देखभाल ज्याची त्याची.
मी म्हणालो, काय?
तो पुन्हा मोठ्याने म्हणाला.

माझे कान गोदीत गेले.
कंपनीच्या डॉक्टरने टेबलावर पेन आपटत
हाच प्रश्न विचारला होता.
स्फोट वगैरे काही झाला का? एखादा मोठा आवाज?
नाही, म्हणालो. रोजचाच.
त्याने एका चौकोनात खूण केली
आणि पुढच्या माणसाला हाक मारली,
जी मला ऐकू आली नाही.

आज गुरुवार. डेल दहाला येणार.
गॅरेजमध्ये पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा होता, आणला.
दोन हात मारले की चारही तारखा खाली जातील,
वर उरेल एक कोरं छत,
ज्यावर उद्या हवा तेवढा अचानक डाग पडू शकेल.

तिची खुर्ची ती नेली, मी माझी आणली.
लिनोलियमवर चार खळगे दिसले,
खुर्ची त्यांत नेमकी बसली.
म्हणजे इथेच चढायची ती,
कामावरून आल्यावर, पायांत अजून ते पांढरे बूट.

जवळून पाहिलं तर डाग
चौथ्या रेघेच्या पुढे चार बोटं सरकलाय.
त्याला रेघ नाही. ती गेल्यावर कोण मारणार?

झाकण अर्धवट उघडलंय, वर साय धरलेली.
शर्टाच्या खिशात सुताराची पेन्सिल आहे, असतेच.
खाली गाडी थांबल्यासारखं वाटतंय.
मला नक्की सांगता येत नाही.